डिस्कवर परवानग्या, एसीएल आणि एक्सएटर टिकवणे: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

काम असे: एका सामायिक फोल्डरची प्रत २५ जीबीच्या एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कवर ठेवायची. फाइलींची सामग्री तर हवीच, पण मालक, गट, मोड (परवानग्यांचे अंक), एसीएल (व्यक्ती आणि गटनिहाय परवानग्यांची यादी) आणि विस्तारित गुणधर्म (फाइलीला जोडलेल्या नाव-किंमत जोड्या, यापुढे ‘एक्सएटर’) हेही पुनर्स्थापनेनंतर जसेच्या तसे परत मिळाले पाहिजेत. सामग्री परत आली आणि परवानग्या गेल्या, तर खासगी कागद सगळ्यांना दिसू लागतात किंवा ज्यांचे काम आहे त्यांनाच उघडत नाहीत. म्हणून परवानग्यांना सामग्रीइतकेच महत्त्व द्यायचे ठरले.

मूळ फोल्डरवर प्रयोग करायचे नाहीत. त्यासाठी वेगळा चाचणीसंच केला. ६४ एमबीची रिकामी इमेज फाइल, त्यावर ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल-व्यवस्था), आणि तिच्यात:

- ०६४४, ०६०० आणि ०७५० मोडच्या साध्या फाइली व फोल्डर
- सेटयूआयडी (चालवणाऱ्याला मालकाचे हक्क देणारा बिट) असलेली फाइल, मोड ४७५५
- स्टिकी बिट (दुसऱ्यांच्या फाइली काढू न देणारा) असलेले फोल्डर, मोड १७७७
- चालणारी एक आणि तुटलेली एक सिमलिंक (दुसऱ्या मार्गाकडे बोट दाखवणारी फाइल)
- हार्डलिंकची जोडी (एकाच फाइलीची दोन नावे)
- नाव घेऊन दिलेली परवानगी असलेली एसीएल फाइल, आणि डीफॉल्ट एसीएल (आत बनणाऱ्या फाइलींना मिळणारी) असलेले फोल्डर
- ‘यूजर.’ नामावकाशातला (म्हणजे नाव ‘यूजर.’ने सुरू होणारा) २० बाइटचा एक आणि ३००० बाइटचा एक एक्सएटर
- ‘सिक्युरिटी.कॅपेबिलिटी’ (सर्वाधिकाऱ्याचे ठरावीक हक्क देणारा एक्सएटर) लावलेली फाइल
- देवनागरी नावाच्या फाइली, एक आखूड आणि एक ४० अक्षरचिन्हांची

पहिलीच अडचण डिस्कशी संबंधित नव्हती. ३००० बाइटचा एक्सएटर लावताना ‘जागा शिल्लक नाही’ अशी त्रुटी आली, इमेज जवळपास रिकामी असूनही. कारण इतक्या लहान आकाराच्या इमेजवर ईएक्सटी४ बनवणारे साधन ब्लॉक १०२४ बाइटचा धरते, आणि एक्सएटरची किंमत एका ब्लॉकच्या पलीकडे जाऊ शकत नाही. इमेज पुन्हा बनवली, ब्लॉकचा आकार ४०९६ सांगून. मग बसला.

४ जून

आधी पाया: साधा आयएसओ ९६६० (सीडीवरच्या फाइल-मांडणीचे मानक), कुठल्याही जोडीशिवाय. नोव्हेंबर १९८५ मध्ये लेक टाहो इथल्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांच्या बैठकीतून जो आराखडा सुरू झाला, त्याचेच पुढे ईसीएमए-११९ (१९८६) आणि आयएसओ ९६६० (१९८८) झाले. त्या काळी सीडी म्हणजे कारखान्यात छापून आलेली, फक्त वाचायची वस्तू. परवानग्यांची रचना समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

पहिले १६ सेक्टर (२०४८ बाइटचा एक) मोकळे. सोळाव्यापासून वर्णननोंदी. मूळ फोल्डरची नोंद प्राथमिक वर्णननोंदीत १५६व्या बाइटपासून, ३४ बाइटची. प्रत्येक फाइलच्या डिरेक्टरी नोंदीत आपल्या कामाचे दोनच बाइट आहेत (मोजणी शून्यापासून):

- बाइट १: विस्तारित गुणधर्म नोंदीची लांबी, ब्लॉकमध्ये
- बाइट २५: ध्वज. बिट ४ लावलेला असेल तर मालक-गट आणि परवानग्या त्या विस्तारित नोंदीतून घ्यायच्या

ही विस्तारित नोंद फाइलच्या सामग्रीच्या अगदी आधी, त्याच विस्तारात (डिस्कवरच्या सलग जागेत) बसते. तिच्यात मालकाचा क्रमांक ४ बाइट, गटाचा ४ बाइट, मग परवानग्यांचे २ बाइट, त्यानंतर निर्मिती, बदल, मुदत आणि अंमल अशा चार तारखा १७-१७ बाइटच्या, पुढे रेकॉर्डचा प्रकार वगैरे. स्थिर भाग २५० बाइटचा. पण जागा घेताना किमान एक पूर्ण ब्लॉक जातो. म्हणजे १००० फाइलींमागे २०,४८,००० बाइट केवळ परवानग्यांसाठी.

परवानग्यांचे १६ बिट उलट्या अर्थाने वाचायचे: बिट शून्य म्हणजे परवानगी आहे, एक म्हणजे नाही. बिट ० आणि २ सिस्टीम वर्गाचे वाचन व चालवणे, ४ आणि ६ मालकाचे, ८ आणि १० गटाचे, १२ आणि १४ इतरांचे. मधले विषम बिट कायम एक. लिहिण्याची परवानगी देण्याची सोयच नाही. सिस्टीम, मालक, गट, बाकी असे चार वर्ग म्हणजे व्हीएमएस या जुन्या संगणक-प्रणालीच्या जगातली विभागणी. युनिक्सचे तीन वर्ग त्यात बसतात, पण सेटयूआयडी किंवा स्टिकीला जागा नाही.

हाताने दोन किमती काढून ठेवल्या, पुढे तपासायला लागतील:

- सगळ्यांना वाचन आणि चालवणे: फक्त विषम बिट लागलेले, म्हणजे ४३६९०
- मालक व गटाला फक्त वाचन, इतरांना काहीच नाही, सिस्टीमला सर्व: ४३६९० + ६४ + १०२४ + ४०९६ + १६३८४ = ६५२५८

नोंदीचा पत्ता विस्ताराच्या सुरुवातीकडे दाखवतो, सामग्रीकडे नाही. सामग्री बाइट १ मधल्या संख्येइतके ब्लॉक पुढे सुरू होते. फाइलच्या लांबीत मात्र ही विस्तारित नोंद धरलेली नसते. हे न जाणणारे वाचन साधन फाइलच्या आरंभी २०४८ बाइटचा कचरा देते आणि शेवटचे तितकेच बाइट कापते. लिनक्सचा आयएसओ ड्रायव्हर ही लांबी पत्त्यात मिळवतो, पण आतल्या परवानग्या वापरत नाही. बीएसडीच्या सीडी ९६६० ड्रायव्हरला माउंट करताना वेगळा ‘ई’ पर्याय दिला, तर तो त्या वाचतो.

आजची इमेज बनवणारी साधने ही नोंद लिहीत नाहीत. बाइट १ शून्यच ठेवतात. त्यामुळे हा मार्ग आपल्यासाठी बंद. तरी जुन्या डिस्क वाचायची वेळ येईल तेव्हा वरचे तपशील लागणारच.

चाचणी: रॉक रिज (आयएसओत युनिक्सची माहिती भरण्याचा करार, पुढची नोंद पाहा) बंद करणाऱ्या ‘नोरॉक’ पर्यायाने इमेज माउंट केली. सगळ्या फाइली ०५५५, मालक रूट (सर्वाधिकारी खाते). ०६०० ची खासगी फाइलही सगळ्यांना वाचता येते.

६ जून

रॉक रिज. डिरेक्टरी नोंदीत फाइलच्या नावानंतर ‘सिस्टीमच्या वापरासाठी’ म्हणून सोडलेली जागा असते. ती अनेकांनी वाटून कशी वापरायची याचा करार म्हणजे एसयूएसपी, आणि त्यात युनिक्सची माहिती भरण्याचा करार म्हणजे आरआरआयपी, ज्याला सगळे रॉक रिज म्हणतात. प्रत्येक घटकाचा साचा एकच: दोन अक्षरांची खूण, एक बाइट लांबी, एक बाइट आवृत्ती, मग माहिती.

मूळ फोल्डरच्या ‘.’ नोंदीत पहिला घटक ‘एसपी’ हवा, सात बाइटचा, त्यात बीई आणि ईएफ हे दोन हेक्स बाइट. तो नसेल तर लिनक्स पुढचे काहीच रॉक रिज मानत नाही. त्याच नोंदीशी जोडलेल्या ‘ईआर’ घटकात विस्ताराचे नाव असते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत ‘आरआरआयपी_१९९१ए’ दिसते ते तिथलेच.

परवानग्या ‘पीएक्स’ घटकात. मोड, लिंकसंख्या, मालक, गट, प्रत्येकी ८ बाइट. ४ बाइटची संख्या आधी लहान टोकाकडून आणि मग मोठ्या टोकाकडून अशी दोनदा लिहिलेली. जुन्या १.१० आवृत्तीत एकूण ३६ बाइट, १.१२ मध्ये फाइलचा अनुक्रमांक वाढून ४४. मोडमध्ये फाइलचा प्रकार, सेटयूआयडी, स्टिकी सगळे आहे, कारण तो युनिक्सचाच मोड आहे. हेक्स संपादकात पडताळलेल्या दोन किमती:

- ०७५० मोडचे फोल्डर: १६८७२, बाइट ‘ई८ ४१ ०० ०० ०० ०० ४१ ई८’
- ०६४४ मोडची साधी फाइल: ३३१८८, बाइट ‘ए४ ८१ ०० ०० ०० ०० ८१ ए४’

दोन्ही अर्धे एकमेकांचे आरसे नसतील, तर नोंद बिघडलेली आहे. तपासणी स्क्रिप्टमध्ये ही कसोटी घातली; स्वस्त आहे आणि बिघाड लगेच पकडते.

बाकीचे घटक थोडक्यात: ‘एनएम’ खरे नाव, ‘टीएफ’ वेळा (बदल, वाचन, गुणधर्म-बदल अशा तीन आखूड वेळांना २६ बाइट), ‘एसएल’ सिमलिंक, ‘पीएन’ उपकरण क्रमांक, आणि जागा संपली की ‘सीई’, जो उरलेले घटक दुसऱ्या ब्लॉकमध्ये कुठे आहेत ते सांगतो. सीई स्वतः २८ बाइटचा.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जेनआयसोइमेज या इमेज बनवणाऱ्या साधनाचे मोठा ‘आर’ आणि छोटा ‘आर’ हे पर्याय. मोठा ‘आर’ मालक, गट आणि मोड जसेच्या तसे घेतो. छोटा ‘आर’ मालक-गट शून्य करतो, वाचनाचे सगळे बिट लावतो, लिहिण्याचे सगळे काढतो, चालवण्याचा एकही बिट असला तर तिन्ही लावतो, आणि सेटयूआयडीसारखे खास बिट पुसतो. वाटायला द्यायच्या डिस्कसाठी तो अगदी योग्य आहे. बॅकअपसाठी तो नाश आहे, आणि कुठलीही सूचना न देता होणारा. जुन्या स्क्रिप्टमध्ये छोटा ‘आर’ सापडला, बदलला.

दुसरा धोका एसीएलचा. एसीएल असलेल्या फाइलच्या साध्या मोडमधले गटाचे तीन बिट गटाची परवानगी दाखवत नाहीत, मुखवटा (नाव घेऊन दिलेल्या आणि गटाच्या परवानग्यांची कमाल मर्यादा) दाखवतात. चाचणीसंचातली फाइल अशी: मालकाला वाचन-लेखन, एका नावाच्या व्यक्तीला तिन्ही, गटाला फक्त वाचन, मुखवटा तिन्ही, इतरांना काही नाही. मोड दिसतो ०६७०. जेनआयसोइमेज एसीएल ओळखत नाही, तो ०६७० तसाच पीएक्समध्ये लिहितो. पुनर्स्थापना केल्यावर एसीएल नसते, पण मोड ०६७० राहतो: ज्या गटाला फक्त वाचन होते त्याला लेखनही मिळाले. म्हणजे एसीएल हरवल्याने परवानगी कमी होते असे नाही, वाढूही शकते. आजच्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच.

७ जून

हार्डलिंक. माउंट केलेल्या डिस्कवर जोडीतल्या दोन्ही फाइलींची लिंकसंख्या २ दिसते, पण आयनोड क्रमांक (फाइलीचा अंतर्गत क्रमांक) वेगळे. लिनक्सचा ड्रायव्हर आयनोड क्रमांक डिरेक्टरी नोंदीच्या जागेवरून काढतो, पीएक्समधला अनुक्रमांक वापरत नाही. त्यामुळे माउंट करून आरसिंक या प्रत काढणाऱ्या साधनाने हार्डलिंकसकट प्रत काढली तरी दोन वेगळ्या फाइली मिळतात. डिस्कवर सामग्री एकदाच, परत आणल्यावर दोनदा.

१० जून

एसीएल आणि एक्सएटर. रॉक रिजमध्ये यांना जागा नाही. लिबआयसोएफएस हे प्रोग्रामिंगचे ग्रंथालय, आणि त्यावर चालणारे झोरिसो हे डिस्क लिहिण्याचे साधन, यासाठी एएआयपी नावाचा करार वापरतात: त्याच एसयूएसपीच्या जागेत ‘एएल’ खुणेचे घटक. पहिल्या आवृत्तीत खूण ‘एए’ होती, पण ती अ‍ॅपलच्या आयएसओ विस्ताराशी टक्कर घेत होती, म्हणून बदलली. एएलमध्ये नाव-किंमत जोड्या भरलेल्या असतात, लांब किंमत अनेक घटकांत तोडून. ज्या जोडीचे नाव रिकामे, तिची किंमत म्हणजे एसीएल, बाइटरूपात दाबलेली.

चालवण्याचा क्रम इथे सगळे ठरवतो. झोरिसो आज्ञा डावीकडून उजवीकडे पाळते.

१. आधी ‘फॉर_बॅकअप’. यात हार्डलिंक, एसीएल, एक्सएटर आणि एमडी५ (सामग्री पडताळण्याची खूण) चारही चालू होतात.
२. मग ‘आउटडेव्ह’ने इमेज फाइलचे नाव.
३. मग ‘व्हॉलिड’ने डिस्कचे नाव.
४. मग ‘मॅप’: मूळ फोल्डर डिस्कच्या मुळाशी.
५. शेवटी ‘कमिट’.

‘मॅप’ आधी आणि ‘फॉर_बॅकअप’ नंतर दिले, तर फाइली एसीएल न वाचताच यादीत गेलेल्या असतात. त्रुटी येत नाही. पहिला प्रयोग मुद्दाम असा चुकीच्या क्रमाने केला आणि खात्री करून घेतली: गुणधर्म शून्य, बाहेर पडण्याचा संकेत यशाचा.

‘फॉर_बॅकअप’मधला एक्सएटर पर्याय फक्त ‘यूजर.’ नामावकाश घेतो. ‘सिक्युरिटी.कॅपेबिलिटी’ हवी तर नव्या आवृत्तीत ‘एक्सएटर एनी’ द्यावे लागते आणि रूट म्हणून चालवावे लागते. ‘एनी’ने एसई-लिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेची लेबलेही येतात. ती दुसऱ्या यंत्रावर बहुधा चुकीची ठरतात. पुनर्स्थापनेनंतर ‘रिस्टोअरकॉन’ चालवून त्या यंत्राच्या नियमाप्रमाणे लावून घ्यावीत.

इमेज माउंट करून ‘गेटएफअ‍ॅटर’ आणि ‘गेटएफएसीएल’ (एक्सएटर आणि एसीएल दाखवणाऱ्या आज्ञा) चालवले: काहीच नाही, फक्त साधा मोड. हे अपेक्षित आहे. लिनक्स कर्नल एएल घटक ओळखत नाही, ओलांडून पुढे जातो. माउंट केलेल्या डिस्कवर गुणधर्म दिसत नाहीत म्हणून ते डिस्कवर नाहीत असा निष्कर्ष काढून कुणी पुन्हा लिहायला घेईल, तर एक डिस्क वाया जाईल. तपासणी झोरिसोच्याच ‘गेटएफएसीएल_आर’ आणि ‘गेटएफअ‍ॅटर_आर’ने करायची, इमेज उघडण्यापूर्वी ‘एसीएल’ आणि ‘एक्सएटर’ चालू करून. उघडतानाच ते बंद असतील तर एएल घटक स्मृतीत येतच नाहीत.

याच नियमाचा जास्त घातक परिणाम बहुसत्री (टप्प्याटप्प्याने भर घालून लिहिलेल्या) डिस्कवर होतो. प्रत्येक नवे सत्र पूर्ण फोल्डररचना पुन्हा लिहिते. दुसरे सत्र जोडताना ‘फॉर_बॅकअप’ विसरले, तर पहिल्या सत्रातल्या फाइलींचे गुणधर्म नव्या रचनेत येत नाहीत. सामग्री तीच, एसीएल गायब. सुटका एवढीच की पहिल्या सत्राची रचना डिस्कवर शाबूत असते. ‘टीओसी’ने तिचा आरंभीचा सेक्टर पाहून ‘लोड’ पर्यायाने ते सत्र उघडता येते. स्क्रिप्टमध्ये ‘फॉर_बॅकअप’ आता चलाच्या स्वरूपात नाही, आज्ञेतच पहिला शब्द म्हणून पक्का आहे.

१२ जून

जागेचा हिशेब. डिरेक्टरी नोंदीची लांबी एका बाइटमध्ये मावते आणि ती सम असावी लागते, म्हणून कमाल २५४. आयएसओ नाव ‘;१’ धरून १४ बाइट असेल तर ३३ + १४ + १ भरती = ४८. पीएक्स ३६ आणि टीएफ २६ घेतले की ११०. उरले १४४.

देवनागरीत यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट, आणि काना, वेलांटी, हलंत हेही स्वतंत्र चिन्ह. ४० चिन्हांच्या नावाला १२०, एनएमचे शीर्षक ५, म्हणजे १२५. सम संख्येसाठी एक भरती धरून नोंद २३६ बाइटची: कशीबशी मावते. पण एएल आले की सीईचे २८ हवेत, आणि २६४ मावत नाहीत. मग नाव किंवा बाकीचे घटक सीईच्या जागेत जातात. करार हे चालवून घेतो. चाचणीत ४० चिन्हांचे नाव माउंट केल्यावर पूर्ण दिसले.

नावाची मर्यादा वेगळी. लिनक्स रॉक रिजचे नाव २५३ बाइटपर्यंत घेतो, म्हणजे देवनागरीची ८४ चिन्हे. जोलिएट या विंडोजसाठीच्या आयएसओ-जोडीत ६४. मराठी कार्यालयीन फाइलींची नावे, विषय आणि दिनांक मिळून, ६४ चिन्हे सहज ओलांडतात, म्हणून जोलिएटच्या नावांवर विसंबायचे नाही. तिथे परवानग्याही नाहीत.

सीईबाबत कर्नलच्या दोन अटी आहेत. सीईने दाखवलेला तुकडा एकाच ब्लॉकच्या आत संपला पाहिजे. २०४८च्या सीमेवरून पुढे गेला तर ‘डिरेक्टरी नोंद बिघडली आहे’ असा संदेश येतो. आणि एका फाइलच्या सीईंची साखळी ३२ पर्यंत पोचली की कर्नल वाचणे सोडून देतो. मुद्दाम वर्तुळात फिरणाऱ्या साखळीने यंत्र अडकू नये म्हणून ही मर्यादा २०१४ मध्ये घातली गेली.

याचा अर्थ मोठ्या एक्सएटरला प्रत्यक्ष मर्यादा आहे. लिनक्समध्ये एका एक्सएटरची किंमत ६५५३६ बाइटपर्यंत असू शकते, एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेवर तशी ठेवताही येते. ६५५३६ म्हणजे बरोबर ३२ ब्लॉक, शीर्षके न धरताच. अशी फाइल डिस्कवर लिहिली तरी कर्नलच्या मर्यादेपलीकडे जाते, आणि एका गुणधर्मापायी फाइलच उघडेना अशी वेळ येऊ शकते. सामग्रीवर असा धोका घेणे योग्य नाही. नियम ठरला: एका फाइलचे सर्व एक्सएटर मिळून ४०९६ बाइटच्या आत. लिहिण्यापूर्वीची स्क्रिप्ट मोजते, ओलांडणारी फाइल सापडली की थांबते आणि नाव छापते. ईएक्सटी४च्या नेहमीच्या मांडणीत एक्सएटर साधारण याच आकारात राहतात, त्यामुळे अडवणूक क्वचितच होईल.

१६ जून

यूडीएफ (आयएसओ ९६६०हून वेगळी, डिस्कवरची दुसरी फाइल-मांडणी) तपासायला घेतले, कारण ‘ब्लू-रे म्हणजे यूडीएफच हवे’ असा आग्रह पुढे आला. कागदावर यूडीएफची रचना जास्त समृद्ध आहे, हे खरे.

फाइल एंट्रीत मालक बाइट ३६ वर, गट ४० वर, परवानग्या ४४ वर, प्रत्येकी ४ बाइट. प्रत्येक वर्गाला पाच बिट: चालवणे, लिहिणे, वाचणे, गुणधर्म बदलणे, काढून टाकणे. इतरांचे बिट ० ते ४, गटाचे ५ ते ९, मालकाचे १० ते १४. युनिक्समध्ये फाइल काढण्याचा हक्क फोल्डरकडे असतो. इथे तो फाइलवरच नोंदता येतो. ०७५० ची किंमत: मालकाचे १०२४ + २०४८ + ४०९६, गटाचे ३२ + १२८, एकूण ७३२८. मालकाला बदलणे आणि काढणे हेही दिले तर ३१९०४. सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी या शब्दात नाहीत. ते आयसीबी टॅगच्या (फाइल एंट्रीच्या आरंभीच्या नियंत्रण-नोंदीच्या) ध्वजांत बिट ६, ७ आणि ८ वर आहेत. हेक्समध्ये शोधताना सगळे चार बाइटांतच असेल असे समजून बराच वेळ जातो, म्हणून लिहून ठेवले.

विस्तारित गुणधर्म फाइल एंट्रीच्या १७६व्या बाइटपासून, तिथे किती जागा लागली ते बाइट १६८ वर. एंट्री एका ब्लॉकमध्ये बसवायची असल्याने २०४८ मधून १७६ जाता १८७२ बाइट उरतात, तेही पत्त्यांच्या यादीबरोबर वाटून. त्यापेक्षा जास्त असेल तर बाइट ११२ वरचा पत्ता वेगळ्या आयसीबीकडे नेतो. गुणधर्मांचे प्रकार क्रमांकाने: ३ पर्यायी परवानग्या, ५ फाइलच्या वेळा, १२ उपकरण, २०४८ साधनाने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेले, ६५५३६ अनुप्रयोगाचे. ओएस/२ प्रणालीचे विस्तारित गुणधर्म आणि मॅकची फाइंडर माहिती २०४८ प्रकारात येते.

यूडीएफ २.०० (१९९८) पासून विस्तारित फाइल एंट्रीला स्वतःचे प्रवाह-फोल्डर असते, आणि त्यात ‘*यूडीएफ एनटी एसीएल’ व ‘*यूडीएफ युनिक्स एसीएल’ अशी राखीव नावे आहेत. एसीएलला नावानिशी जागा दिलेली ही यातली एकमेव रचना. वाचताना फार बरे वाटले.

मग चालवून पाहिले. एमकेयूडीएफएफएसने १२८ एमबीची इमेज, ब्लॉक २०४८, आवृत्ती २.०१. लिनक्समध्ये माउंट करून आरसिंकने एसीएल व एक्सएटरसकट प्रत टाकली. मोड, मालक, सेटयूआयडी, हार्डलिंक ठीक बसले. हार्डलिंकच्या बाबतीत हे आयएसओपेक्षा चांगले, आयनोडही एकच दिसतो. पण प्रत्येक एसीएलवर आणि प्रत्येक यूजर एक्सएटरवर ‘क्रिया उपलब्ध नाही’, त्रुटी ९५. लिनक्सचा यूडीएफ ड्रायव्हर नामांकित प्रवाह आणि एक्सएटर यांपैकी काही देत नाही. जागा रचनेत आहे, तिथे लिहिणारा कुणी नाही. आपल्या कामापुरता यूडीएफ बाजूला.

जेनआयसोइमेजचा ‘यूडीएफ’ पर्याय तर आणखी धोक्याचा. तो आयएसओ आणि यूडीएफ अशी दुहेरी इमेज करतो, पण यूडीएफची बाजू जोलिएटच्या रचनेवर बेतलेली आहे: मालक-गट नाही, पॉझिक्स (युनिक्स-पद्धतीच्या) परवानग्या नाहीत, सिमलिंक नाहीत. प्रकार न सांगता माउंट केल्यावर हीच बाजू उघडली, आणि शेजारी नीट लिहिलेले रॉक रिज असूनही दिसले नाही. ‘आयएसओ९६६०’ प्रकार सांगून पुन्हा माउंट केले तेव्हा सगळे मोड जागेवर. दुहेरी डिस्क हातात आली की प्रकार सांगूनच माउंट करायची.

१८ जून

एकाच साधनावर सारा भार ठेवायचा नाही. एएआयपी वाचणारे साधन उद्या हाताशी नसेल तर? प्रत्येक डिस्कच्या मुळाशी तीन साध्या मजकूर फाइली ठेवायच्या ठरल्या:

- ‘गेटएफएसीएल’ची यादी, पूर्ण खोलीपर्यंत आणि आकड्यांत (नावे न वापरता), फोल्डरच्या आत उभे राहून घेतलेली, म्हणजे मार्ग सापेक्ष राहतात
- ‘गेटएफअ‍ॅटर’ची यादी, हेक्समध्ये, सिमलिंकचा पाठलाग न करता. या आज्ञेचा मूळ नमुना फक्त ‘यूजर.’ घेतो, ‘सिक्युरिटी.कॅपेबिलिटी’साठी नमुना वेगळा द्यावा लागतो
- मालक व गट यांच्या क्रमांकांसमोर त्यांची नावे

तिसरी फाइल क्षुल्लक वाटते, पण पीएक्समध्ये क्रमांकच आहेत. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याला १००० मिळतो. दुसऱ्या यंत्रावर १००० म्हणजे दुसरीच व्यक्ती, आणि खासगी फाइली तिच्या मालकीच्या होतात.

या याद्यांवरून परत लावण्याचा क्रम: आधी ‘सेटएफएसीएल’ची पुनर्स्थापना, रूट म्हणून (यादीतल्या मालक, गट आणि ध्वजांच्या ओळीही ती लावते), त्यानंतर ‘सेटएफअ‍ॅटर’ची. उलट केले तर मालक बदलताना कर्नल सेटयूआयडी बिट आणि ‘सिक्युरिटी.कॅपेबिलिटी’ दोन्ही काढून टाकतो. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे.

२१ जून

खरी डिस्क. न फॉरमॅट केलेल्या २५ जीबी ब्लू-रेची क्षमता १,२२,१९,३९२ सेक्टर, म्हणजे २५,०२,५३,१४,८१६ बाइट. राखीव जागा ठेवून फॉरमॅट केली तर १,१८,२६,१७६ सेक्टर. इमेज या दुसऱ्या आकड्याच्या आत ठेवली, म्हणजे दोन्ही प्रकारे लिहिता येते.

लिहून झाल्यावर डिस्क बाहेर काढून पुन्हा घातली. ड्राइव्हच्या आणि कर्नलच्या साठवणीतून वाचून खोटी खात्री मिळू नये म्हणून. मग दोन तपासण्या: ‘चेक_एमडी५_आर’ने सामग्री, आणि ‘कंपेअर_आर’ने मूळ फोल्डरशी तुलना. दुसरी तपासणी एसीएल आणि एक्सएटर चालू असताना त्यांचीही तुलना करते. फरक एकच आला: काही फाइलींची वाचनाची वेळ. एमडी५ मोजताना मूळ फाइली वाचल्या गेल्या, त्याचा परिणाम, दुर्लक्ष करण्याजोगा.

२४ जून

पुनर्स्थापनेची चाचणी, स्वच्छ यंत्रावर, दोन मार्गांनी.

पहिला मार्ग: रूट म्हणून झोरिसो, ‘फॉर_बॅकअप’ आणि ‘एक्सएटर एनी’ आधी, मग ‘ओसिरॉक्स ऑन’, ‘इनडेव्ह’, ‘एक्सट्रॅक्ट’. एसीएल, डीफॉल्ट एसीएल, दोन्ही यूजर एक्सएटर, हार्डलिंक, सेटयूआयडी, देवनागरी नावे: सर्व जुळले. रूटशिवाय चालवले तेव्हा मालक बदलता आले नाहीत.

दुसरा मार्ग: डिस्क माउंट करून साधी प्रत, मग मजकूर याद्यांवरून ‘सेटएफएसीएल’ आणि ‘सेटएफअ‍ॅटर’. हार्डलिंक तुटली, ७ जूनच्या नोंदीप्रमाणे. बाकी सगळे जुळले. ०६७० मोडच्या फाइलीवर गटाला पुन्हा फक्त वाचनच आहे, हे त्या गटातल्या चाचणी खात्यावरून लिहायचा प्रयत्न करून पाहिले: नकार आला.

‘सिक्युरिटी.कॅपेबिलिटी’ पहिल्या मार्गाने आली का ते ‘गेटकॅप’ने पाहिले, आली. मात्र डेस्कटॉपने आपोआप माउंट केलेल्या डिस्कवर ‘नोसूइड’ (सेटयूआयडी न मानण्याचा पर्याय) लागलेले असते, त्यामुळे सेटयूआयडी फाइल डिस्कवरूनच चालवून तपासता येत नाही. मोड फक्त पाहायचा.

उरलेले काम: हार्डलिंकची चौथी यादी. ‘फाइंड’ने आयनोड क्रमांक आणि मार्ग छापून, एकाहून जास्त लिंक असलेल्या फाइलींचीच ओळ ठेवायची, आणि दुसऱ्या मार्गाच्या शेवटी त्या यादीवरून ‘एलएन’ चालवायचे. ते एसीएल लावण्याआधी झाले पाहिजे, नाहीतर पुसल्या जाणाऱ्या प्रतीवर लावलेली एसीएल वाया जाईल. पुढची डिस्क लिहिण्यापूर्वी ही यादी मुळाशी असेल.